एकट्याचं आमंत्रण

आमच्या वाचनालयाचा जुना संगणक एके दिवशी चालेनासाच झाला. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्यातच साठवलेल्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या मुलीनं खोट शोधली. अध्यक्ष बापूसाहेबांनी हौसेनं एक फुकटचं पंचांग त्यात घातलं होतं. पंचांगाच्या वेषात शिरलेल्या त्या प्रोग्रामनं गुपचूप भलतेसलते प्रोग्राम आत ओढून आणले होते.

"मी एकच घातला होता!" बापूसाहेब कडाडले. मागे उभ्या कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. "तो एकटा एवढे कुठून आणणार? खटाराच झालाय हा, द्या भंगारात!"

ग्रंथपाल कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "बापूसाहेब, लेकीच्या साखरपुड्याला मी तुम्हा एकट्यालाच बोलावलं होतं. पंगतीला किती बसले? तुमच्याबरोबर आलेल्यांना दारात अडवणार कोण?"

कार्यकर्ते छताकडे बघू लागले. बापूसाहेबांना मात्र हसू आवरेना. "करा दुरुस्त," ते म्हणाले.

ओव्या शाबूत निघाल्या. कुमुदताईंनी निरोप धाडला, तेव्हा बापूसाहेब खरंच एकटे आले. चपला दाराबाहेर काढून ते संगणकापुढे बसले, आणि केव्हाच गेलेली त्यांची आई ओवी गाऊ लागली.