उंबरमाळचे उसने उंबरे

पाटीवर ‘उंबरमाळ’ वाचून पाहुणे उंबराचं झाड शोधत फिरतात. या माळावर उंबर कधीच नव्हता. गावाचं नाव दारातल्या उंबऱ्यावरून पडलंय. ही एकवीस घरांची ओळ बघा. प्रत्येक दारात चार हात लांब काळा दगड आहे, आणि कुठल्याही दगडावर पाय ठेवलात तर तो डुगडुगतो. ठेवा की, घाबरू नका. एरवी उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणतात, इथे द्यायचा असतो.

तुमच्यातल्या एकाच्या हातात मोजायची टेप आहे, ती मी मघाशीच पाहिली. गोष्ट ऐकायला येणारा माणूस टेप कशाला आणेल? असो. आधी ऐका, मग काय मोजायचं ते मोजा.

असं सांगतात की खाली नदीकाठी एका वतनदाराच्या जमिनीवर एकवीस कुटुंबं तीन पिढ्या राहत होती. एके वर्षी वतनदाराची माणसं आली आणि प्रत्येक घरापुढे खूण कोरलेला एकेक दगड पुरून गेली. हद्दीची खूण असेल, असं समजून सगळे आपापल्या कामाला लागले. पुढच्या सुगीला तेच दगड उकरून वतनदार म्हणाला, ‘ही माझी खूण. जागा माझी, निघा.’ एकवीस चुली एका दिवसात उघड्यावर आल्या. तेव्हापासून या लोकांनी कोरलेल्या दगडाचा धसका घेतला. त्यांच्यात माझा खापरपणजा येमाजी होता. आमच्या घराण्यातला संशयी स्वभाव त्याच्यापासून आलाय.

या माळाच्या पायथ्याशी साळूबाई नावाची गवंडीण राहायची. नवऱ्याच्या मागे त्याची छिन्नी-हातोडी तिनेच चालवली. खालच्या गावाला विहीर बांधून दिली म्हणून पाटलाने तिला हा माळ इनाम दिला होता, म्हणे. तिने त्या एकवीस कुटुंबांना वर बोलावलं आणि सांगितलं, ‘हितं घरं बांधू. मला मजुरी नको. सगळ्यांनी सगळ्या भिंतींवर राबायचं. कुठलं घर कुणाचं, ते शेवटचं छप्पर चढल्यावर ठरवू.’

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर तुम्हाला काय वाटलं असतं? येमाजीला तेच वाटलं. ही बाई फुकट का राबते? हिच्या पोटात काय आहे? जमिनीखाली धन असेल, असं एक जण म्हणाला. आपल्याला कायमचं वेठीला धरील, असं दुसरा म्हणाला. तरी दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून राबले. दोन वर्षं माती कालवली, दगड फोडले आणि साळूबाईवर नजर ठेवली. ती पहाटे वर यायची आणि दिवे लागायच्या वेळी उतरायची. आपल्या घरी तिने कधी कुणाला बोलावलं नाही. याचाही येमाजीला संशय आला.

शेवटी एकवीस घरं उभी राहिली, कुठलं कुणाचं तेही ठरलं. उंबरे तेवढे साळूबाईने स्वतः बसवले, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी गुढी उभारून घरात शिरायचं ठरलं होतं. येमाजी सहज आपल्या दारात उभा राहिला आणि पायाखालचा उंबरा हलला. दोन वर्षांत या बाईच्या हातचा एक दगड कधी हलला नव्हता. त्याने पहार घालून उंबरा उलथला. खालच्या अंगाला छिन्नीने तीन रेघा कोरलेल्या होत्या.

त्याने शेजारचा उलथला. सात रेघा. त्याच्या पुढचा, बारा. एकवीसच्या एकवीस दगडांवर खूण होती. बायकांनी हंबरडा फोडला. काहींनी बोचकी बांधायला घेतली. या खेपेला बाहेर पडलो तर कुठे जायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

येमाजी सगळ्यांना घेऊन तणतणत टेकडी उतरला. साळूबाईच्या घराशी आला आणि थांबला, कारण घर नव्हतंच. नुसतं जोतं उरलं होतं. जोत्यावर तीन दगडांची चूल, वर कडुनिंबाची सावली, आणि साळूबाई भाकरी थापत बसलेली.

‘तुजं घर कुटं गेलं?’ येमाजीने विचारलं.

‘तुमच्या दारात,’ ती म्हणाली. ‘वरचा खडक मुरमाड. चार हात सलग दगुड त्यात निघंना. धन्यानं बांधलेल्या भिंतीत व्हते, ते काडले.’

‘आन् त्या रेघा?’

‘कुटला दगुड कुटं बसतो, ते परत लावताना कळाया नगं?’

येमाजीने तेवढाच शब्द धरला. ‘म्हंजी परत न्यायचंच व्हतं की!’

‘व्हय,’ साळूबाई म्हणाली. ‘उसनं दिलंय. दान न्हाई दिलं.’

माझ्या मते ही बाई खरी असेल तर या एका उत्तरामुळे. दान दिलं म्हणाली असती, तर येमाजीने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नसता. त्याची मान खाली गेली. ‘आत्ताच आणून देतो,’ म्हणाला. तिने अडवलं. ‘काडलास तर पावसाचं पानी घरात शिरंल. ऱ्हाऊ दे. पन चुना लावू नगंस. चुना लावला की ते उसनं ऱ्हात न्हाई, तुजं हुतं. आन् तुजं झालं की तू इकशील.’

पाडव्याला एकवीस गुढ्या या माळावर उभ्या राहिल्या नाहीत. सगळे खाली होते, साळूबाईची भिंत रचत. मिळेल त्या ओबडधोबड दगडांनी तिचं घर उभं केलं, म्हणे, आणि मगच आपापल्या घरात शिरले. मात्र साळूबाईचा त्यांच्यावर भरवसा नव्हता, हं. जिवंत होती तोवर दर वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी ती वर यायची आणि प्रत्येक उंबऱ्यावर पाय देऊन बघायची. मला तिचं हे फार आवडतं.

आजही त्या दिवशी आम्ही एकमेकांचे उंबरे बघतो. इथलं घर विकत नाहीत. जाणारा माणूस ते बेघराच्या हवाली करतो, आणि स्वतः घराच्या डागडुजीत घातलं असेल तेवढंच घेतो, त्यावर दाणाही नाही. उंबरा हलला, की समजायचं घर अजून उसनं आहे.

गेल्या खेपेला शेजारच्या हौसाबाईने माझ्या उंबऱ्यावर पाय दिला. तो हलला नाही. माती बसली असेल, मी म्हणालो. तिने पहार आणली. खाली सिमेंट निघालं. ते मीच घातलं होतं. धाकट्या मुलाने घरासाठी शहरातून गिऱ्हाईक आणलं होतं, त्याच्या हातातही अशीच टेप होती. हौसाबाईने पहार बाजूला ठेवली. छिन्नी माझ्या हातात दिली आणि शेवटचा टवका निघेपर्यंत दारात उभी राहिली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हे समोरचं माझं घर, तीन रेघांचं. या, पाय ठेवून बघा. नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका.