साहेबांच्या पोळीवरचं तूप

माझ्या सुनेच्या जिभेला मीच धार लावली, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे! केतकी कऱ्हाडातच पंपांच्या कंपनीत आहे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ज्या सॉफ्टवेअरात नोंदवतात, त्यात फेरबदल करायचं तिचं काम. त्याची नवी आवृत्ती आली आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसचे सबनीससाहेब आपला हुकूम घेऊन आले: कऱ्हाडचं ऑफिस बंद, सगळ्यांनी पुण्याला यायचं. वर जेवायला आमच्याच घरी! पोरीचा संसार उचकटणारा माणूस, तरी मी पुरणपोळी वाढली.

साहेब रंगात आले. "काय आवृत्ती आहे म्हणून सांगू, आजी! आता कॉम्प्युटरवर वेगळं काही बसवायला नको. ब्राउझर उघडायचा, की जगात कुठूनही काम सुरू!"

"कुठूनही?" केतकीनं विचारलं.

"अगदी हिमालयातूनसुद्धा!"

"मग साहेब, कऱ्हाड तेवढं जगाबाहेर आहे का?"

साहेबांनी घास ताटात ठेवला. मग ते खो खो हसत सुटले. "हरलो, केतकी. राहा इथंच. ऑफिसही राहील."

मी तुपाचं भांडं पुढं ओढलं. "आता पोळी नीट भिजवते, साहेब. मघाशी जरा हात राखूनच वाढलं होतं."