टोपलीला जागा

“आणखी काय भरायचं राहिलंय, बाबा? तुम्हीच बघून सांगा.”

मोरेश्वर तारी यॉटच्या तळातल्या कप्प्याची फळी उचलून उभा होता. उभा जन्म मोठ्या जहाजांवर कप्तानकी केलेला माणूस. आता स्वतःच्या शिडाच्या यॉटमधून एकटाच लक्षद्वीपला निघाला होता. ओहोटी लागली की सुटायचं.

कमरुबाबा वाकून आत डोकावले. टेकडीवरच्या झोपडीत राहणारे म्हातारे फकीर. मोरेश्वर लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसत आलेला.

तांदूळ, पीठ, पाण्याची पिंपं, सुकी मासळी, औषधं... तसूभर जागा मोकळी नव्हती.

“कुणी काही दिलं?”

“सगळं माझं मी आणलं. कुणापुढे हात पसरायला नको.” जरा थांबून तो म्हणाला, “वहिनीने टोपली पाठवली होती. लाडू, शहाळी. परत धाडली. ठेवणार कुठे?”

 बाबांनी झोळीतून भाकरी काढली... एकच होती. ती मोरेश्वरच्या हातावर ठेवली.

“बाबा, हे तुमचं दुपारचं.”

“सकाळपासून काय खाल्लंस?”

मोरेश्वरला आता आठवलं. सामान भरायच्या नादात चहाशिवाय पोटात काही गेलंच नव्हतं.

तो तिथेच बसला. एक घास घेतला... आणि मग हावऱ्यासारखा खात सुटला.

“कशी लागते?”

“गोड.”

“पीठ तर तुझ्याकडेही आहे.”

मोरेश्वरचा घास हातातच राहिला.

आई गेल्यावर याच वहिनीने त्याला भरवून वाढवलं होतं. टोपली परत आली तेव्हा ती काय म्हणाली असेल... की काहीच म्हणाली नसेल?

तो उठला. तांदळाचं एक पोतं खांद्यावर घेतलं आणि गावाकडे चालू लागला.

परतला तेव्हा पोतं नव्हतं. डोक्यावर टोपली होती. डोळे लाल झाले होते.

“रागावली?” बाबांनी विचारलं.

“नाही... आणखी दोन शहाळी घातली.”

पोत्याच्या जागी टोपली बसली. तिच्यावर हात ठेवून मोरेश्वर बराच वेळ वाकून राहिला. मग वर येऊन त्याने बाबांच्या पायांवर डोकं टेकलं.

पाणी उतरू लागलं होतं. बाबा धक्क्यावर उतरले. दोर सोडता सोडता मोरेश्वर थबकला.

“बाबा, येताना तांदूळ कमी पडले तर?”

बाबांनी यॉटला हाताने हलकेच ढकललं.

“तेवढी भूक बरोबर असू दे. हात पसरायला उपयोगी पडेल.”