झाकल्या भाकरीचा रविवार

सुगीच्या रविवारी तरवडखेड्याच्या देवळात नवखा माणूस हमखास गोंधळतो. प्रवरेकाठच्या या गावातली ख्रिस्ती मंडळी आपल्या दगडी चर्चला देऊळच म्हणतात. उपासना रंगात आलेली असते, प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या अखेरच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर मेजावर मांडलेली असते आणि ऐन वेळी उपासना चालवणारे पाळक त्या भाकरीवर पांढरं फडकं टाकतात, पायातल्या वहाणा काढतात आणि सगळ्यांच्या देखत बाहेर चालू लागतात. पाहुण्याला वाटतं, यांना काही झालं की काय. मंडळी मात्र जागची हलत नाही. मग शेजारी बसलेले म्हातारे पंच याकोबदादा हळूच सांगतात, "बसा पाव्हणं. साहेब माफी मागाया गेल्यात."

यामागची हकिगत ते नंतर देवळाबाहेरच्या लिंबाखाली बसून सांगतात.

फार पूर्वी इथे शांतवन उजागरे नावाचे पाळक होते म्हणे. त्यांचं कीर्तन ऐकायला ख्रिस्ती नसलेले लोकही बैलगाड्या जुंपून यायचे. गावोगावची बोलावणी यायची आणि शांतवनरावांना ती आवडायचीही. माणूस वाईट नव्हता. कौतुकाची चटक काय, भल्याभल्यांना लागते.

पाटापलीकडे सालूबाई नावाची विधवा राहायची. तिची एकुलती एक लेक रिबका तापाने फणफणली. सालूबाईने पाळकांना निरोप धाडला, की या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा, प्रार्थना करा. शांतवनराव तेव्हा शेजारगावच्या कीर्तनाला निघाले होते. "उद्या येतो," म्हणाले. उद्याचा परवा झाला. बाई दाराकडे डोळे लावून बसली आणि शेवटी, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं, वेशीवरच्या मरीआईपुढे दिवा लावून आली. पोर काही वाचली नाही.

त्या दिव्याची कुणकुण शांतवनरावांना लागली. पुढच्याच उपासनेत त्यांनी भर मंडळीत सालूबाईचं नाव घेतलं आणि दोन दारी दिवे लावणाऱ्यांना या देवळात जागा नाही, असं सुनावलं. सालूबाई उठली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि निघून गेली. ती पुन्हा देवळाची पायरी चढली नाही.

मग सुगीचा रविवार आला. गावात तेव्हा गुलाब आणि मार्तंड हे सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्यांना शहाणं करावं म्हणून शांतवनरावांनी मुद्दाम बायबलमधला एक उतारा निवडला होता. वेदीवर भेट ठेवताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलतंय असं आठवलं, तर भेट तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असा तो उतारा. त्यांनी तो कितीदा तरी दुसऱ्यांना समजावून सांगितला होता. त्या दिवशी वाचता वाचता त्यांनी मान वर केली. समोर गुलाब होता, मार्तंड होता, आणि सालूबाईची जागा रिकामी होती. त्यांनी भाकर झाकली. जळत्या झुडपातून देव बोलला तेव्हा मोशेने काढल्या तशा वहाणा काढल्या, असं याकोबदादा सांगतात, आणि ते तापल्या फुफाट्यातून पाटाकडे निघाले.

त्यांना येताना पाहून सालूबाईने दार लावून घेतलं. शांतवनराव अंगणात, उन्हात खाली बसले.

"सालूबाई, तू बोलावलंस तेव्हा मी आलो नाही," ते बंद दाराला म्हणाले. "तुझ्या दारी यायला मला सवड नव्हती. आणि तू दुसऱ्या दारी गेलीस म्हणून मी तुला चारचौघांत बोललो. दिवा तू लावलास खरा, पण तुला तिथवर मीच धाडलं."

ते बसून राहिले. इकडे देवळात पोरं भुकेने कुरकुरायला लागली. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' असंही कुणी पुटपुटलं म्हणे, पण भाकर तशीच टाकून उठायचा कुणाला धीर होईना. ऊन कललं तेव्हा कुठे दार उघडलं. सालूबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"लेक तर काय माघारी यायची न्हाई, सायब. तुमचा लई राग हाय मला. आजबी हाय. पन तुमी आलात. पानी प्या आन् जावा, लोकं उपाशी बसल्यात."

शांतवनराव पाणी प्याले आणि लहान मुलासारखे रडले. तिच्यापाशी देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तिने दिलं होतं.

देवळात परतून त्यांनी आपली चूक जशीच्या तशी सांगितली, आवाज न चढवता. बांधाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. तरी गुलाब उठला आणि थोरल्या मार्तंडाचे पाय धरून बसला. दिवस मावळताना भाकर मोडली. पाळकांनी ती सगळ्यांना वाटली, स्वतः मात्र घेतली नाही. "सालूबाई घेईल तेव्हा मी," म्हणाले. कीर्तनाची बोलावणी मागे पडली, पण आजाऱ्याचा निरोप आला आणि शांतवनराव गेले नाहीत, असं पुन्हा कधी झालं नाही. नाताळात सालूबाई आली आणि दाराशीच बसली. ते भाकर घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले, आधी तिला दिली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून मग स्वतः घेतली.

एवढ्या मोठ्या कीर्तनकाराचं एकही कीर्तन आज कुणाला आठवत नाही. त्यांचं ते चालत जाणं मात्र गावाने जपलंय. आजही सुगीच्या रविवारी पाळकाने आधी कुणाची तरी माफी मागितल्याशिवाय इथे भाकर मोडत नाहीत. मागे एक तरुण पाळक नव्याने आले होते. "माझं कुणाशीच वाकडं नाही," म्हणत त्यांनी भाकरीला हात घातला, तेव्हा याकोबदादाच उठून उभे राहिले.

"नसंल, सायब. पन आमी थांबतो. आठवंल."

पाळकांची नजर मंडळीवरून फिरत फिरत बायकांच्या रांगेवर थांबली. मग त्या पाळकांनी भाकर झाकली, वहाणा काढल्या. देवळाबाहेर ते गेलेच नाहीत. बायकांच्या रांगेत त्यांची बायको बसली होती, तिच्यापुढे जाऊन ते गुडघ्यांवर बसले.