केसपेपरच्या खिडकीवरचा प्रोसेसर

नदीकाठच्या एका गावात धर्मादाय दवाखाना होता. केसपेपरच्या खिडकीवर सुलभाताई भोकरे बसायच्या. त्यांचा कंप्युटर इतका संथ, की एक नाव चढेपर्यंत बाहेरचा आजारी माणूस भिंतीला टेकायचा. त्या सोमवारी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई रांगेतच खाली बसली. ते दृश्य काही सुलभाताईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढं दवाखान्यानं दोन नवे कंप्युटर घ्यायचं ठरवलं. ऐपत मात्र एवढीच, की वेगवान प्रोसेसर एकातच बसणार, दुसऱ्यात साधा. सभेत अध्यक्ष बापूसाहेब हिंगमिरे म्हणाले, "वेगवान माझ्या खोलीत. या घरचा यजमान मी आहे."

त्यांच्या खोलीत दिवसाकाठी दोन-चार पत्रं निघायची. पण हे बोलणार कोण?

सुलभाताई सावकाश उठल्या. "बापूसाहेब, परवा तुमच्या मुलीचं लग्न झालं. तुम्ही कुठल्या पंगतीला जेवलात?"

"शेवटच्या," बापूसाहेब ताठ मानेनं म्हणाले. "पाहुणे उपाशी असताना यजमान पानावर बसतो होय?"

"नाही बसत," सुलभाताई म्हणाल्या. "आपले पाहुणे खिडकीबाहेर उभे आहेत."

बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले, "वेगवान प्रोसेसर खिडकीला वाढा. माझ्या पानात साधा चालेल."