तिसरं पातं

१४ डिसेंबर. सकाळी धुकं, दुपारी सौम्य ऊन.

यंत्रं आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. पांचाळ मिस्त्रींच्या कारखान्यातली आडवी बँडसॉ, म्हणजे पट्टीसारख्या पात्याची यंत्रकरवत, लोखंडी गज तिरके कापू लागली. मिस्त्रींनी दोन पाती भंगारात टाकली. तिसरंही तिरकं गेलं, तेव्हा ते उतरवण्यासाठी मिस्त्री पाना शोधायला गेले.

"आता मीही भंगारात," पातं कळवळलं.

"रडू नकोस, बाळा," शेजारची उभी बँडसॉ म्हणाली. "तुला धरायला नेमलेला आधार बघ. गज इथं आणि साहेब हातभर लांब!"

आधार फणकारला, "जवळ गेलं की अंगावर कीस उडतो."

"मग छत्री देऊ का, जावईबापू? तुम्ही लांब राहता, पोर मध्येच लचकतं आणि नाव त्याचं खराब होतं."

आधार ओशाळला आणि मुकाट्यानं गजाला खेटून उभा राहिला.

मिस्त्री पाना घेऊन आले. "हा कधी सरकला?" म्हणत त्यांनी पाना खाली ठेवला आणि यंत्र पुन्हा चालू केलं. कापलेल्या तुकड्याला गुण्या लावून काटकोन तपासला.

संध्याकाळपर्यंत त्याच पात्यानं अठरा गज सरळ कापले.