चाळीस वर्षांची सुपारी

फार पूर्वी, लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळली जायची त्या काळात, नदीकाठच्या एका गावात एक गाणारीण राहायची. ती कुणाच्या दरबारात नव्हती की कुणाच्या पदरी नव्हती. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरी तिचा गळा. आज बारसं, उद्या हळद, परवा डोहाळजेवण. काखेत बोचकं मारायचं आणि पायवाटेला लागायचं, हाच तिचा संसार.

तिला बोलवायची एक रीत होती. घरातल्या मोठ्या बाईनं स्वतः यायचं आणि तिच्या तळहातावर एक सुपारी ठेवायची. गाणारीण ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची, की झालं, ठरलं. आदल्या दिवशी ती त्या घरी जाऊन बसायची. लेकीसुनांची, गेलेल्या-राहिलेल्यांची नावं विचारायची आणि त्या घरापुरती एक नवी ओवी रचायची. एका घरची उष्टी ओवी दुसऱ्या घरी तिनं कधी वाढली नाही. कार्य पार पडलं की गाठ सोडायची, सुपारी फोडायची, अर्धी घरच्या बाईला द्यायची, अर्धी आपल्या तोंडात टाकायची. मग ते घर आणि ती मोकळी.

काय दिवस होते ते! लगीनसराईत तिच्या पदराला सात-सात गाठी असायच्या. चालताना पदर गुडघ्यावर टकटक आपटायचा आणि वाटेवरच्या बाया म्हणायच्या, "आली गं, गाठींची आली!" कोष्ट्याच्या घरी मागाच्या ठेक्यावर गायलेलं बारसं, कुंभाराच्या घरी ऐन ओवीत मडकं फुटलं आणि नवरीच खदखदून हसली ती हळद, सगळं तिला काल घडल्यासारखं आठवायचं.

पण काल म्हणता म्हणता चाळीस वर्षं उलटली. लग्नघरी आता ताशेवाले येऊ लागले. त्यांना कुणाची नावं विचारावी लागत नसत. बडवलं आणि निघाले. गाणारणीचा पदर हलका झाला. ती ओट्यावर बसून जुन्या ओव्या मनाशी म्हणून बघायची. कधी एखादी ओळ सापडायचीच नाही. तिला ना लेक, ना सून, ना लिहिता येत होतं. "माझ्याबरोबर सगळं सरणावर जाणार," ती स्वतःशी म्हणायची. मरणाला ती भीत नव्हती. भीती होती ती एवढीच.

एके दिवशी नदीपलीकडच्या वाडीतून एक म्हातारी आली. डोक्यावर सुपांची चळत, पाठ ताठ.

"ओळखलंस का?"

"डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. आवाजावरून ओळखेन. बोल अजून."

"आवाज कुठला ओळखतेस! माझ्या हळदीला आली असतीस तर ओळखला असतास. बुरुडाची येसा मी."

गाणारणीची मान खाली गेली. अख्ख्या आयुष्यात एकच गाठ तिनं गाणं न गाता सोडली होती, ती या येसाच्या हळदीची. ओवीसुद्धा रचून झाली होती. आणि ऐन वेळी जहागीरदाराकडून बोलावणं आलं. त्याच्या लेकीची हळदही त्याच दिवशी. तरुण वय, मोठं घर, पाय तिकडे वळले. सुपारी तिनं वाटेवरच्या गवळणीच्या हाती परत धाडली. बुरुडाच्या घरी बाया जात्याभोवती वाट बघत बसल्या, हळद वाटीत सुकून गेली आणि येसाला ती मुक्यानंच लागली.

"भांडायला आलीस?" गाणारणीनं विचारलं.

"भांडायला चाळीस वर्षं कशाला थांबले असते? नातीची हळद आहे. चिमणा नाव तिचं. माघातली पंचमी." येसानं तिच्या तळहातावर सुपारी ठेवली. "ही तीच. तू परत धाडलेली."

"अगं, अजून ठेवलीस?"

"फेकायला गेले होते, पण हातातून सुटेना. आता बांधतेस, की आजही कुणी जहागीरदार येणार आहे?"

गाणारणीनं सुपारी पदरात घेऊन गाठ मारली.

आणि बघा नशिबाचे खेळ! तृतीयेला तिच्या दारात राजवाड्याचा कारभारी उभा. जहागीरदाराची ती लेक पुढे राणी झाली होती, आता राजमाता होती. तिच्या नातीची हळद पंचमीलाच होती.

"राजमाता म्हणाल्या, माझ्या हळदीला गायली तीच गाणारीण हवी," कारभारी म्हणाला आणि त्यानं तिच्यासमोर चांदीची सुपारी ठेवली. "आणि आजीबाई, आमचा लेखनिक तुमच्याजवळ बसेल. तुमच्या ओव्या कागदावर उतरवून, रेशमी बासनात बांधून वाड्यात जपून ठेवायचा हुकूम आहे."

गाणारीण पुढे सरकली. "सगळ्या ओव्या?"

"सगळ्या. तुम्ही गेल्यावरही राहतील."

"मग मी षष्ठीला येते. पंचमीची माझी गाठ बांधलेली आहे."

कारभारी हसला. "राजवाडा तुमच्या तिथीवर चालत नाही. उद्या सकाळी मेणा येईल. बसलात तर बसलात, नाहीतर विषय संपला."

तो गेला. गाणारीण दुपारभर ओट्यावर बसून राहिली. एका हातात चांदीची सुपारी, दुसरा हात पदराच्या गाठीवर. जन्मभराचं गाणं वाचत होतं, आणि अडत होतं ते एका गाठीपाशी. बुरुडाचं काय, ताशेवाले बोलावतील, ती मनाशी म्हणाली. बोटांनी गाठ सैल केली. सुपारी ओंजळीत पडली.

तेव्हा तिच्या बोटांना लागलं, सुपारी एका बाजूनं गुळगुळीत झाली होती. काचेसारखी. चाळीस वर्षं कुणीतरी तिच्यावर अंगठा फिरवला होता. रागानं फिरवला असेल, दुःखानं फिरवला असेल, पण फिरवला होता.

गाणारणीनं सुपारी पुन्हा पदरात बांधली. या वेळी दुहेरी गाठ मारली.

सकाळी मेणा आला. तिनं चांदीची सुपारी कारभाऱ्याच्या हातात परत ठेवली. "ही घेऊन जा. फुटत नाही ती. घरच्या बाईनं आणि मी वाटून खायची कशी?"

"खुळ्या आहात काय? तुमचं गाणं मरेल, आजीबाई!"

"मरेल तर मरेल. पण खोटं पडून मरणार नाही," म्हातारी म्हणाली आणि बोचकं काखेत मारून नदीच्या उताराकडे चालू लागली.

बुरुडाच्या अंगणात बसून तिनं नावं विचारली, ओवी रचली. पंचमीला सकाळी बाया जात्याभोवती जमल्या. चिमणा पाटावर बसली. जातं फिरू लागलं आणि गाणारणीनं सूर लावला. गळा थकला होता, पण खरा होता. दोन ओव्या झाल्या, तीन झाल्या. चौथी आली, प्रत्येक हळदीला म्हणायची ती.

"पिवळ्या हळदीचा जात्याला घालू घास,
लेक जाईल दूर..."

आणि पुढचं सापडेना. तिनं पुन्हा म्हटलं, "लेक जाईल दूर..." काही नाही. सगळं कोरं. जातं थांबलं. गाणारणीच्या मनात आलं, एवढं सगळं सोडून आले, आणि येसाच्या नातीचीही हळद मुकी जाणार!

तेवढ्यात मागून एक खरखरीत आवाज आला. "मागे राहील वास."

येसा होती. तिच्यामागून सुनेनं ओळ उचलली, मग शेजारणींनी, मग पाटावरच्या चिमणानं सुद्धा. जातं पुन्हा फिरू लागलं. पाचवी ओवी, सहावी, दहावी. गाणारणीला आठवतील त्या आणि ती कधीच विसरून गेली होती त्याही! ती एकेकीच्या आवाजाकडे मान वळवत राहिली.

"येसे, तुला कशा गं येतात या?"

"तू जिथं जिथं गायलीस तिथं सुपं विकायच्या निमित्तानं कुडाआड उभी राहायचे मी. राग होता ना तुझ्यावर. राग असला की फार नीट ऐकू येतं."

"आणि या सगळ्या?"

"टोपल्या विणताना शिकवल्या. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळंच असतं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"एक ओवी राहिली होती," येसा म्हणाली. "ती मी कधी कुणाला शिकवली नाही. माझ्या हळदीच्या आदल्या दिवशी तू आमच्या अंगणात बसून रचत होतीस. मी आत बांबूच्या कामट्या सोलत होते." आणि तिनं ती डोळे मिटून म्हटली,

"कळकाच्या बेटात वारा घाली शीळ,
येसा लेकीच्या गाली हळदीचा तीळ."

गाणारणीला ती ओवी अजिबात आठवत नव्हती. पण आपलीच आहे हे मात्र पहिल्या शब्दालाच कळलं. तिनं वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं आणि साठीला टेकलेल्या येसाच्या गालावर एक ठिपका लावला. मग जात्याचा खुंटा धरून तीच ओवी पुन्हा म्हटली, खड्या आवाजात, चाळीस वर्षांपूर्वी म्हणायची होती तशी. येसा तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कुणाला कळलं नाही.

कार्य झालं. दुहेरी गाठ सोडायला दोघींची नखं लागली. सुपारी एवढी वाळलेली की अडकित्त्याला दाद देईना. शेवटी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

"चाव की," येसा म्हणाली.

"दात कुठायत?"

"मलाही नाहीत."

मग दोघी ओट्यावर बसल्या, गालात सुपारी धरून, दिवस कलेपर्यंत.

राजवाड्यात त्या दिवशी दुसरी कुणी गायली. लेखनिकानं ते उतरवून घेतलं, रेशमी बासनात बांधलं, पेटीत ठेवलं. पुढे ते कुणी सोडून वाचलं असं काही ऐकिवात नाही. गाणारणीला राजवाड्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही. पण बुरुडाच्या लेकीसुना सुपं-टोपल्या घेऊन गावोगाव जायच्या आणि जिथं जायच्या तिथं दारात बसून तिच्या ओव्या गायच्या.

तात्पर्य काय, तर दिलेला शब्द जुना झाला म्हणून फिटत नाही, तो पाळूनच फिटतो. आणि आपली विद्या जगावी असं वाटत असेल, तर ती ज्यांच्यासाठी आहे त्यांचं दार कधी चुकवू नये.